फाइल ओढून टाकायची सोय: खर्च किती आणि कशाचा

पवनी तालुक्यातल्या कोंढ्यात, किंवा आसपासच्या कुठल्याही गावात, ऑनलाइन कामं करून देणाऱ्या केंद्रावर धान खरेदीच्या नोंदणीच्या दिवसांत थोडा वेळ उभं राहून बघा. शेतकरी म्हणतो, "भाऊ, सातबारा व्हॉट्सॲपवर पाठवला." त्याच्यामागोमाग आधार येतं, बँकेचं पासबुक येतं, फोटो येतो. पोर्टलला या फाइली आलेल्या आकारात चालत नाहीत, त्या लहान कराव्या लागतात. त्यासाठी बऱ्याच केंद्रांत एखादं घरगुती सॉफ्टवेअर असतं. कुणा ओळखीच्या मुलाने ऑटोहॉटकीत किंवा पायथनमध्ये लिहिलेली ती छोटीशी खिडकी असते. काम ती नीट करते. पण फाइल द्यायची म्हणजे "ब्राउझ" दाबा, डाउनलोड्स उघडा, नाव शोधा, निवडा, ओके करा, आणि पुढच्या फाइलसाठी पुन्हा तेच.

मग चालकाच्या मनात येतं की फाइल माउसने उचलून थेट त्या खिडकीवर टाकता आली तर बरं. माहितगाराला विचारलं की एक जण म्हणतो पाचशे रुपये, दुसरा म्हणतो पंचवीस हजार, आणि तिसरा सांगतो की सगळं सॉफ्टवेअरच नव्याने लिहावं लागेल. हा लेख त्या चालकासाठी आहे. माझं मत आधीच सांगतो. ड्रॅग अँड ड्रॉपची सोय मुळात स्वस्त आहे. पैसे जातात ते तिच्या आजूबाजूच्या कामांना, आणि ती कामं कोणती हे माहीत असलं की कुणी अवाच्या सवा रक्कम मागू शकत नाही.

आत नेमकं काय घडतं

फाइल ओढून खिडकीवर सोडली की फाइल स्वतः कुठेच जात नाही. विंडोज त्या खिडकीला फक्त पत्ता देतं: अमुक ड्राइव्ह, तमुक फोल्डर, हे नाव. पुढे ती फाइल उघडणं, लहान करणं, दुसरीकडे जपणं हे सगळं तुमची स्क्रिप्ट आधीपासून करतच असते. नवीन काम एवढंच की खिडकीने "माझ्यावर फाइल टाकलेली चालते" असं विंडोजला कळवायचं, वर फाइल आली की होकार द्यायचा, आणि सोडल्यावर पत्त्यांची यादी घेऊन ती "ब्राउझ"च्या मागे असलेल्या त्याच कामाकडे द्यायची. होकार दिलेला नसेल तर माउसच्या टोकाशी तिरकी रेघ असलेलं वर्तुळ दिसतं. ते दिसलं म्हणजे फाइलमध्ये दोष आहे असं नाही, खिडकीने तिला घ्यायला नकार दिला आहे एवढाच त्याचा अर्थ.

एवढं समजलं तर "सगळं नव्याने लिहावं लागेल" हे बहुतेक वेळा खरं नसतं हेही समजेल. "ब्राउझ"चं काम एका वेगळ्या तुकड्यात लिहिलेलं असेल तर जोड काही ओळींची असते. सगळा मजकूर एकात एक गुंतवून लिहिला असेल तर आधी तो सोडवावा लागतो, आणि त्याचे तास लागतात. म्हणून भाव विचारण्याआधी मूळ स्क्रिप्ट दाखवा. ती न बघता रक्कम सांगणारा अंदाजाने बोलत असतो.

खाली जे आकडे देतो ते ताशी ५०० रुपये धरून काढले आहेत. हा बाजारभाव नाही, हिशेबाच्या सोयीसाठी घेतलेला दर आहे. शिकणारा मुलगा कमी घेईल, नागपूरचा अनुभवी माणूस जास्त घेईल. तासांचा अंदाज मात्र फारसा बदलत नाही, तेव्हा दर तुमचा घाला आणि गुणाकार करा.

शून्य रुपयांचा मार्ग

पुष्कळांना ठाऊक नसतं की विंडोजमध्ये डेस्कटॉपवरच्या प्रोग्रामच्या आयकॉनवर फाइल ओढून टाकली तर तो प्रोग्राम त्या फाइलचा पत्ता घेऊनच सुरू होतो. खिडकीत काहीही बदल करावा लागत नाही. स्क्रिप्टने सुरू होताना "मला कुठला पत्ता मिळाला आहे का" एवढं तपासायचं असतं. बऱ्याच स्क्रिप्ट हे आधीपासून तपासतात, फक्त कुणी करून बघितलेलं नसतं. आधी तेच करून बघा. चाललं तर खर्च शून्य. नाही चाललं तर त्याची भर घालायला अर्धा ते एक तास लागतो, म्हणजे अडीचशे ते पाचशे रुपये. पॉवरशेलची स्क्रिप्ट असेल तर तिच्या फाइलवर थेट टाकून चालत नाही. मधे एक छोटी बॅच फाइल ठेवावी लागते, पण तीही याच पैशात बसते.

या मार्गाच्या मर्यादा ठाऊक असू द्या. बॅच फाइल मधे असेल तर आदेशाची लांबी ८,१९१ अक्षरांपर्यंतच जाते. लांबलचक फोल्डरांतल्या पन्नास-साठ फाइली एकदम टाकल्या तर ती मर्यादा ओलांडली जाते. दुसरी अडचण जास्त फसवी आहे. फाइलच्या नावात मोकळी जागा असेल तरच विंडोज तो पत्ता अवतरणचिन्हांत घालून देतं. नावात "&" असेल आणि मोकळी जागा नसेल, तर बॅच फाइल त्या चिन्हापाशी पत्ता तोडते आणि भलताच संदेश दाखवते. "राम&श्याम" अशा नावाची एक फाइल तयार करून टाकून बघा, पाच मिनिटांत कळेल.

दिवसाला दहा-पंधरा अर्ज करणाऱ्या केंद्राला माझ्या मते एवढंच पुरतं. पुढचा भाग त्यांनी वाचला तरी पैसे खर्च करायची घाई करू नये.

कोणत्या भाषेत लिहिलंय, त्यावर भाव

ऑटोहॉटकी असेल तर काम सर्वांत सोपं. तिच्या खिडकीत फाइल टाकल्याची घटना पकडायची सोय मुळातच आहे. तपासणी धरून एक ते दोन तास, म्हणजे पाचशे ते हजार रुपये. यात एक गोष्ट बघून घ्या. तिची दुसरी आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये पक्की झाली आणि पहिल्या आवृत्तीचा विकास आता थांबला आहे. दोन्हींची लिहिण्याची पद्धत इतकी वेगळी आहे की एकीचा तुकडा दुसरीत चालत नाही. जुनी स्क्रिप्ट दुसऱ्या आवृत्तीत आणायचं काम वेगळं आणि त्याचे पैसेही वेगळे. फक्त फाइल टाकायची सोय हवी असेल तर ते आत्ता करू नका. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला विचारून स्वतः करणाऱ्यांनीही आपली आवृत्ती कोणती हे पहिल्याच वाक्यात सांगावं, कारण ती साधनं दोन्ही आवृत्त्यांच्या ओळी एकात एक मिसळतात आणि मग चूक शोधण्यात दुपार जाते.

ऑटोइट असेल तर खर्च साधारण तेवढाच. तिथे खिडकी तयार करतानाच "फाइली स्वीकारते" अशी खूण द्यावी लागते. ती खूण राहून गेली की बाकी सगळं बरोबर असूनही काही घडत नाही.

पॉवरशेलच्या खिडकीला दोन ते तीन तास धरा, हजार ते दीड हजार रुपये. तिथे फाइल वर आली की होकार देणं आणि सोडल्यावर यादी घेणं या दोन वेगळ्या घटना आहेत. नवशिक्या दुसरी लिहितो, पहिली विसरतो आणि वर्तुळातली रेघ बघत बसतो. पॉवरशेलची फार जुनी, दुसरी आवृत्ती असलेल्या मशीनवर ती एका विशेष पद्धतीने सुरू करावी लागते, नाहीतर टाकण्याची सोय चालूच होत नाही. तिसऱ्या आवृत्तीपासून ती अडचण राहिली नाही.

पायथनबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण शिकलेली मुलं बहुतेक त्यातच लिहून देतात आणि सर्वांत जास्त वेळही तिथेच जातो. पायथनबरोबर येणारी टीकेइंटर ही खिडक्या बनवायची सोय मुळात टीके नावाच्या जुन्या साधनावर उभी आहे. जॉन ऑस्टरहाउट यांनी १९८८ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात टीसीएल ही स्क्रिप्ट भाषा केली आणि तिच्यासाठी पुढे टीके आलं. ते टिकाऊ, फुकट आणि हलकं आहे, जुन्या मशीनवरही पळतं. पण विंडोजच्या फोल्डरमधून ओढलेली फाइल स्वीकारायची सोय त्याच्या गाभ्यात नाही. पायथनमध्ये टीकेइंटरच्या आत "डीएनडी" नावाचा एक भाग दिसतो. नाव बघून मुलं तो वापरायला घेतात आणि तासन्‌तास झटतात. तो फक्त त्याच प्रोग्रामच्या आतल्या वस्तू इकडून तिकडे हलवण्यासाठी आहे, बाहेरच्या फाइलशी त्याचा संबंध नाही. तुमच्या मुलाने त्यावर घालवलेले तास बिलात लावले तर ते द्यायची गरज नाही.

खरा उपाय म्हणजे टीकेडीएनडी ही जोड. जॉर्जिओस पेटासिस यांनी ती टीकेसाठी लिहिली. पायथनमध्ये ती "टीकेइंटरडीएनडी२" या नावाच्या मोफत पॅकेजमधून मिळते आणि एका आदेशात बसते. बसवल्यावर प्रोग्रामची मुख्य खिडकी नेहमीच्या पद्धतीने न बनवता त्या पॅकेजच्या पद्धतीने बनवावी लागते. हा बदल एका ओळीचा आहे, पण तो केला नाही तर जोड चालत नाही. मग ज्या भागावर फाइल टाकायची तो भाग नोंदवायचा आणि "टाकली" या घटनेला आपलं काम बांधायचं.

इथे मराठी नावांचा प्रश्न येतो. टाकलेल्या फाइलींची यादी टीसीएलच्या पद्धतीने, एकाच ओळीत येते. नावात मोकळी जागा असेल तर ते नाव महिरपी कंसात येतं. "सात बारा नवीन" अशी फाइल आली आणि स्क्रिप्टने मोकळ्या जागेवर ओळ तोडली, तर एका फाइलचे तीन तुकडे होतात आणि "फाइल सापडत नाही" असं तीनदा दिसतं. यादी सोडवायला टीकेचीच "स्प्लिटलिस्ट" नावाची सोय आहे, ती वापरली की प्रश्न उरत नाही. देवनागरी अक्षरं पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीला अडत नाहीत, अडते ती मोकळी जागाच. तुमच्या माणसाने "फाइलींची नावं इंग्रजीत आणि जोडून ठेवा" असा सल्ला दिला तर समजा की त्याने काम अर्धं सोडलं आहे. शेतकऱ्याच्या मोबाइलवरून येणाऱ्या फाइलीचं नाव तुम्ही ठरवत नसता.

टीकेइंटरच्या स्क्रिप्टला तीन ते पाच तास, दीड ते अडीच हजार रुपये, हा मला रास्त भाव वाटतो. पायसाइड किंवा पायक्यूटी या खिडक्या बनवायच्या दुसऱ्या साधनांत लिहिलेलं असेल तर सोय आतच असते, एक-दोन तासांत होतं. पण केवळ एवढ्यासाठी टीकेइंटर सोडून तिकडे जायचं म्हणजे पंधरा-वीस तासांचं काम, साडेसात ते दहा हजार रुपये, आणि हाती येणारी सोय तीच. शिवाय पायक्यूटी फुकट मिळते ती जीपीएल परवान्याखाली. ती वापरून केलेलं सॉफ्टवेअर पुढे इतर केंद्रांना मूळ मजकूर न देता विकायचा विचार असेल तर तिचा व्यावसायिक परवाना विकत घ्यावा लागतो. पायसाइडचा एलजीपीएल परवाना त्या बाबतीत सैल आहे.

बिल फुगतं ते इथे

सोय बसवली, मुलाच्या लॅपटॉपवर चालली, केंद्राच्या मशीनवर चालत नाही. ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. कारण बहुतेक वेळा एकच असतं: तुमचं सॉफ्टवेअर "ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा" अशा पद्धतीने सुरू होत असतं. विंडोज व्हिस्टापासून सुरक्षेसाठी असा नियम आहे की साध्या अधिकारात चालणाऱ्या खिडकीतून वरच्या अधिकाराच्या खिडकीवर काही टाकता येत नाही. फोल्डरांची खिडकी साध्या अधिकारात चालते, त्यामुळे फाइल नाकारली जाते आणि चूक दाखवणारा संदेशही येत नाही. आयकॉनवर उजवी कळ दाबून, गुणधर्मांत जाऊन ती खूण काढा. दोन मिनिटांचं काम आहे, यासाठी कुणाला पैसे देऊ नका. स्क्रिप्टला खरोखरच वरचे अधिकार लागत असतील, तर फोटो लहान करण्याचा भाग त्यातून वेगळा काढावा लागेल. त्याला दोन-तीन तास जास्त धरा.

दुसरा खर्च एकच फाइल करून देण्याचा. केंद्रात तीन संगणक असतील तर प्रत्येकावर पायथन बसवण्यापेक्षा चालवण्याजोगी एकच फाइल करून घेणं सोयीचं. पायइन्स्टॉलर नावाचं मोफत साधन ते करतं. टीकेडीएनडीची जोड त्यात आपोआप येईलच असं नाही, ती वेगळी सांगून घालावी लागते. ती घातली नाही तर एकत्र केलेली फाइल उघडताच बंद पडते. शिवाय अशा फाइलींना अँटिव्हायरस कधीकधी संशयित ठरवतो आणि विंडोज निळी सूचना दाखवतं. सगळं धरून दोन-तीन तास, हजार ते दीड हजार. ती निळी सूचना कायमची घालवायला सॉफ्टवेअरवर डिजिटल सही करण्याचं प्रमाणपत्र घ्या असं कुणी सुचवेल. त्याला वर्षाला पाच आकडी रक्कम लागते, आणि जून २०२३ पासून त्याची किल्ली सुरक्षित हार्डवेअर उपकरणातच ठेवावी लागते. स्वतःच्या तीन मशीनसाठी हा खर्च करू नये. शेकडो केंद्रांना विकायचं असेल तेव्हाच त्याचा विचार करा.

तिसरा मुद्दा पैशांपेक्षा अपेक्षेचा आहे. दिसायला फाइल असलेली प्रत्येक गोष्ट फाइल नसते. शेतकऱ्याचा मोबाइल केबलने जोडला की त्याचे फोटो फोल्डरात दिसतात, पण त्यांना संगणकावरचा खरा पत्ता नसतो. ते थेट तुमच्या खिडकीवर टाकले तर साधी सोय त्यांना स्वीकारत नाही. आधी ते डेस्कटॉपवरच्या फोल्डरात घ्यावे लागतात. ब्राउझरमधल्या पानावरून चित्र ओढलं तरी अनेकदा फाइलऐवजी त्या चित्राचा इंटरनेटवरचा पत्ता येतो. व्हॉट्सॲप ब्राउझरमध्ये उघडलं असेल तर आधी डाउनलोड करा, मग ओढा. हे सगळं सांभाळणारी सोय करता येते, पण तिचे पाच-सहा तास वेगळे, आणि छोट्या केंद्राने त्यात पडू नये असं मला वाटतं.

आणि एक गोष्ट, जी फुकट आहे आणि जवळजवळ कुणी करत नाही. लहान केलेली फाइल शेवटी पोर्टलवर चढवायची असते. तिथे पुन्हा "फाइल निवडा" दाबून तेच शोधणं सुरू होतं. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये पानावरचं "फाइल निवडा" हे साधं बटण असेल तर फोल्डरातली फाइल ओढून थेट त्या बटणावर सोडता येते. काही पोर्टलांनी ते बटण झाकून स्वतःचं रंगीत बटण केलेलं असतं, तिथे चालेलच असं नाही. करून बघायला पैसे पडत नाहीत. त्यामुळे आपल्या सॉफ्टवेअरमधून पोर्टलवर ओढायची सोय करून घ्यायला निघालेल्यांनी थांबावं. ती उलट दिशेची सोय टीकेइंटरमध्ये जास्त कटकटीची आहे. त्याऐवजी लहान झालेल्या फाइली एका ठरलेल्या फोल्डरात पडू द्या, तो फोल्डर ब्राउझरच्या शेजारी उघडा ठेवा, आणि तिथून ओढा.

मर्यादा, मूळ फाइल आणि लोकांची कागदपत्रं

सोय बसवताना आणखी तीन गोष्टी मागून घ्या. त्यांना मिळून दोन-तीन तास लागतात आणि त्यांचे पैसे मी आनंदाने देईन.

पहिली म्हणजे वेगवेगळ्या अर्जांसाठी वेगवेगळे चौकोन. आपले सरकार पोर्टलवर नोंदणीचा फोटो १६० पिक्सेल रुंद, २०० ते २१२ पिक्सेल उंच आणि ५ ते २० केबी लागतो. आयबीपीएसच्या बँक परीक्षांना फोटो २०० बाय २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी, सही १४० बाय ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी. खिडकीत "आपले सरकार फोटो", "आयबीपीएस फोटो", "आयबीपीएस सही" असे वेगळे चौकोन असले की ज्यावर टाकलं तो नियम लागतो आणि निवडायची एक पायरीही वाचते. ओढून टाकण्याची खरी किंमत इथे वसूल होते. हे आकडे मात्र स्क्रिप्टच्या पोटात गाडून ठेवू देऊ नका. एका साध्या मजकूर फाइलमध्ये ठेवायला सांगा, म्हणजे पोर्टलने नियम बदलला की नोटपॅड उघडून तुम्हीच आकडा बदलाल, माणूस बोलवावा लागणार नाही.

दुसरी, मूळ फाइलला हात लावायचा नाही. लहान केलेली प्रत नेहमी वेगळ्या फोल्डरात, वेगळ्या नावाने पडली पाहिजे. ओढून टाकणं इतकं सहज असतं की चुकीची फाइल चुकीच्या चौकोनावर पडणारच, आणि मूळ फाइलवरच लिहिलं गेलं तर शेतकऱ्याला पुन्हा गावाहून यावं लागेल.

तिसरी, काम पूर्ण झालं की आकडा डोळ्यांना दिसला पाहिजे: "१८ केबी, चालेल" किंवा "बसत नाही". वीस फाइली टाकल्या आणि दोन अडकल्या तर त्या दोन्हींची नावं दिसली पाहिजेत. पोर्टलने नाकारल्यावर शोधत बसण्यापेक्षा हे बरं.

फोटो लहान करून देणाऱ्या मोफत वेबसाइट असताना हा खटाटोप कशाला, असं विचारलं जातं. माझं उत्तर सरळ आहे. सातबारा, आधार आणि पासबुक ही लोकांची कागदपत्रं आहेत, ती अनोळखी सर्व्हरवर चढवायची नसतात. देशात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, गावच्या माणसाने विश्वासाने दिलेला कागद आपल्या मशीनबाहेर जाऊ नये एवढं तर आपल्या हातात आहे. म्हणून सॉफ्टवेअर इंटरनेट बंद असतानाही चाललं पाहिजे ही अट घाला, आणि तपासताना वायर काढून बघा. काम करणाऱ्या मुलाला चाचणीसाठी खऱ्या ग्राहकांच्या फाइली देऊ नका. स्वतःच्या कागदांचे फोटो द्या. तो दुरून, एनीडेस्कवरून काम करणार असेल तर पडद्यासमोर बसून राहा आणि ग्राहकांचे फोल्डर आधी बंद करा.

पैसे द्यायचे कसे

भंडारा, साकोली, नागपूरकडे शिकायला असलेली गावची मुलं हे काम उत्तम करू शकतात. त्यांना ते द्यावं असं मला मनापासून वाटतं, पण तोंडी नको. एका कागदावर लिहा: कुठल्या मशीनवर, विंडोजच्या कुठल्या आवृत्तीवर, कुठल्या प्रकारच्या फाइली, किती रक्कम. अर्धे पैसे आधी, अर्धे चाचणीनंतर. चाचणी तुमच्या केंद्रातल्या मशीनवर, तुमच्या हाताने. मराठी नावाची फाइल, मोकळी जागा असलेली, "&" असलेली, कंस असलेली, पेनड्राइव्हवरची, पीडीएफ, आयफोनवरून आलेला वेगळ्या प्रकारचा फोटो, अख्खा फोल्डर आणि एकदम तीस फाइली टाकून बघा. सगळं चाललंच पाहिजे असं नाही. जे चालणार नाही तिथे खिडकीने तसं स्पष्ट सांगितलं पाहिजे आणि बंद पडता कामा नये.

मूळ स्क्रिप्ट तुमच्या पेनड्राइव्हवर यायलाच हवी, ही अट सोडू नका. नुसती चालणारी फाइल मिळाली तर पुढचा प्रत्येक बदल त्याच माणसाकडे, तो सांगेल त्या भावाने. तो मुलगा उद्या पुण्याला नोकरीला गेला तर पुन्हा शून्यापासून सुरुवात.

कुणी बिलात १८ टक्के जीएसटी लावला तर त्याचा नोंदणी क्रमांक मागा. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या इथल्या माणसाला सर्वसाधारणपणे नोंदणी बंधनकारक नाही, आणि नोंदणी नसेल तर कर लावता येत नाही. रक्कम लहान असली तरी पावती घ्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, पण पावती आणि लिहिलेला कागद नसेल तर तिथेही सांगण्यासारखं काही उरत नाही.

वर्षाची देखभाल म्हणून वेगळी रक्कम मागितली तर देऊ नका. या सोयीला दरवर्षी काही लागत नाही. संगणक बदलला किंवा विंडोज नव्याने टाकलं तर एक-दोन तासांचं काम निघेल, तेव्हाचे पैसे तेव्हा द्या.

वसूल होतं का

घड्याळ लावून बघा. "ब्राउझ"ने एक फाइल द्यायला किती सेकंद लागतात आणि आयकॉनवर ओढून टाकायला किती. समजा फरक दहा सेकंदांचा निघाला, एका अर्जाला पाच फाइली आणि दिवसाला चाळीस अर्ज. मग दिवसाचे दोन हजार सेकंद वाचतात, म्हणजे साधारण तेहतीस मिनिटं. दोन महिन्यांच्या गर्दीत याची किंमत तीन-चार हजारांच्या वर सहज जाते, आणि रांगेत उन्हात उभ्या असलेल्या माणसांचा वेळ त्यात धरलेलाच नाही. दिवसाला आठ अर्ज असतील तर वाचतात सहा-सात मिनिटं. तेवढ्यासाठी आयकॉनवाला फुकटचा मार्गच बरा.

टीकेइंटरची स्क्रिप्ट, वेगळे चौकोन, एकत्र फाइल आणि तीन मशीनवरची चाचणी असं सगळं धरलं तरी ताशी पाचशेच्या हिशेबाने रक्कम पाच-सहा हजारांच्या आत बसते. त्याच्या वर कुणी मागितलं तर तासांची फोड लिहून मागा. फोड देणार नाही त्याला काम देऊ नका.

काम मे महिन्यात करून घ्या. निकालांनंतर जूनमध्ये दाखल्यांची गर्दी सुरू होते, मग शिष्यवृत्त्या, आणि दिवाळीच्या सुमारास धान. भर हंगामात चालू सॉफ्टवेअर उघडून बसू नका, आणि नवं नीट चालतंय याची खात्री होईपर्यंत जुन्याची प्रत पुसू नका.